‘व’ची पोकळी

तात्यांची वाचा गेली, त्यानंतर एकोणीस दिवसांनी ते पहिल्यांदा बोलले. बोलले ते असं: "शाई जास्त."

समोर बसली होती दवाखान्याने पाठवलेली बोलायला शिकवणारी बाई. आठवड्यातून दोनदा यायची, पिशवीतून चित्रांचे पत्ते काढायची आणि विचारायची, हे काय? कप. हे काय? छत्री. तात्या चित्राकडे बघायचे आणि मग बाईकडे, आणि दोन्हींबद्दल त्यांचं मत सारखंच वाईट असावं असं दिसायचं. त्या दिवशी तिने सफरचंद धरलं. तात्यांनी पत्ता डाव्या हाताने ओढून घेतला, खिडकीकडे तिरका केला आणि आपलं मत दिलं. बाईने वहीत लिहिलं, ‘सफरचंद – चूक.’ सुनेने पत्ता उचलून बघितला. देठाजवळचा लाल रंग खरोखरच बाहेर ओघळला होता.

तात्यांचा छापखाना तळमजल्यावर आणि घर त्याच्या डोक्यावर. पन्नास वर्षं तात्यांनी एकच काम केलं, लाकडी अक्षरं जुळवून पोस्टरं छापली. वीतभर उंचीची, हातभर उंचीची, उलट्या तोंडाची अक्षरं. घरात सून आणि ते, दोघंच. मुलगा वारल्याला नऊ वर्षं झाली होती. सून माहेरी जाईल असं सगळ्या गल्लीने धरून ठेवलं होतं. ती गेली नाही. मागच्या खोलीत बसून ती तीन दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची आणि संध्याकाळी तात्यांच्या रोलरची शाई पुसायची. का राहिलीस, असं तिला कोणी विचारलं की ती म्हणायची, "इथे उजेड चांगला आहे."

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूचा शब्दांचा भाग गेला, येतील तेवढे येतील. आले ते सगळे छापखान्यातले. हात, पाय, पाणी, भूक, मुलीचं नाव, सुनेचं नाव, सगळं धुऊन निघालं आणि मागे राहिली अक्षरांची शरीरं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, गाठ, पोकळी. बाईने वहीत लिहिलं, ‘असंबद्ध.’ बाईचा काही दोष नव्हता. तिला कोणी छापखान्यात नेलंच नव्हतं.

सुनेला पहिल्यांदा उमगलं ते गुडघ्यामुळे. जिना चढताना तात्या मधेच थांबले आणि म्हणाले, "‘म’ची गाठ." तिने बरं म्हटलं आणि पुढे चालू लागली. तात्या हलेनात. मग त्यांनी काठीने आपल्या गुडघ्यावर टकटक केलं. सून तशीच त्यांना पायरीवर बसवून खाली धावली, ‘म’चा खण ओढला आणि हातभर ‘म’ काढून बघितला. उलट्या अक्षरात उजवीकडे खाली, रेघ वळून स्वतःलाच भेटते तिथे बोंडाएवढी गाठ होती. तिथूनच अक्षर वाकतं. ती वर आली आणि गुडघ्याला तेल चोळलं. तात्यांनी डोळे मिटून घेतले. एकोणीस अधिक चार दिवसांत कोणी तरी त्यांचं ऐकलं होतं.

मग तिने धडेच घ्यायला सुरुवात केली. दुपारी कवळ्या पाण्यात टाकल्या की ती एक एक अक्षर तात्यांपुढे ठेवायची. तात्या अक्षरावर बोट ठेवायचे, नाव घ्यायचे आणि मग तेच बोट स्वतःच्या अंगावर न्यायचे. शिरोरेषा म्हणजे कपाळ. काना म्हणजे पाठीचा कणा, आणि तो सकाळी वाकलेला असायचा. पहिली वेलांटी डावा हात, दुसरी वेलांटी उजवा, जो आता नुसता लोंबत होता. उकार म्हणजे पाऊल. ‘व’ची पोकळी म्हणजे पोट. रफार म्हणजे टोपी. टिंब म्हणजे गोळी, आणि "टिंब नको" हे वाक्य दिवसातून तीनदा यायचं. खण रिकामा म्हणजे भूक. शाई वाळली म्हणजे तहान. मशीन थांबवा म्हणजे काय, ते पहिल्या वेळी कळायला उशीर झाला आणि चादर बदलावी लागली.

हे सगळं तिने दंतवैद्याच्या पाकिटाच्या मागे लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं. लिहिता लिहिता ती अक्षरं शिकून गेली हे तिच्या लक्षातही आलं नाही. पोकळी जितकी मोकळी तितकं अक्षर लांबून वाचता येतं, गाठ जाड झाली की अक्षर सुजल्यासारखं दिसतं, काना रेघभरही कलला तर सगळी ओळ दारू प्यायल्यासारखी चालते. नऊ वर्षं ती ही अक्षरं पुसत आली होती, पण बघत होती ती आताच. तिला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण तात्यांनी धडधाकट असताना कधी शिकवलं नव्हतं.

फोनवर मुलीचा आवाज आला की तात्या म्हणायचे, "मात्रा." मात्रा म्हणजे जी दुसऱ्याच्या डोक्यावर बसते ती. जावई सोबत बोलायला लागला की, "दोन मात्रा." सुनेने हे पाकिटावर लिहिलं नाही.

स्वतःसाठी मात्र तिला शब्द सापडला नव्हता. तात्या तिला हाक मारायचे ती काठी आपटून. तिने एकदा सगळी अक्षरं चाळली, आपण वेलांटी असू का, उकार असू का. एकदा विचारलंसुद्धा, "आणि मी कोण?" तात्यांनी बराच वेळ खणांकडे पाहिलं आणि मान हलवली. तिने हसण्यावारी नेलं. पण ते तिला लागलं, आणि चांगलं दोन दिवस लागून राहिलं.

मात्रा, म्हणजे नणंद, वयाने मोठी, दुसऱ्या शहरात राहणारी, कामात वाघ. आजार कळल्यावर ती पहिल्याच गाडीने आली होती आणि जाताना अट घालून गेली होती. "एक महिना. महिन्यात तात्यांना काय होतंय ते सांगता यायला लागलं, तर राहू देत. नाही तर मी घेऊन जाणार. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. इथे तू एकटी. रात्री-अपरात्री काही झालं तर?" यात चूक काहीच नव्हती, म्हणून सुनेला जास्त भीती वाटली. तात्या गेले की छापखान्याला कुलूप. आणि वर, त्या चांगल्या उजेडात, ती आणि दुसऱ्यांचे दात.

महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा नणंद स्वतःची गाडी घेऊन दारात उभी राहिली. नेमकी शुक्रवारी. शुक्रवारी नाट्यगृहाची तीनशे पोस्टरं छापायची होती. नाट्यगृह हे तात्यांचं शेवटचं गिऱ्हाईक. नाटकाचं नाव ‘वजनकाटा’. तात्यांनी बोटाने दाखवून, सुनेने हाताने जुळवून, चार दिवसांत पोस्टर उभं राहिलं होतं. वर हातभर अक्षरांत नाव, खाली वार, वेळ, ठिकाण. सून मशीनचं चाक हाताने फिरवत होती आणि तात्या खुर्चीत बसून प्रत्येक कागदाकडे शत्रूसारखं बघत होते.

नणंदेला सुनेने पाकीट दाखवलं. नणंदेने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"हे तू बनवलंस?"

"त्यांनीच सांगितलं, ताई. मी लिहिलं नुसतं."

"अगं, पण हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार? रुग्णवाहिकेतल्या माणसाला हे पाकीट दाखवायचं का?" मग ती मशीनपाशी आली. "आणि हे इतकं फिकं का छापतेस? रस्त्यावरून दिसायला नको? जरा गडद कर."

सुनेला तिच्यापुढे नाही म्हणायचा धीर नव्हता. त्या तीन दिवसांत तर नाहीच. तिने रोलरवर शाई वाढवली. नणंद म्हणाली, "अजून." तिने अजून वाढवली.

दोनशेच्या पुढे कागद गेले असतील, तेव्हा तात्या खुर्चीत सरळ झाले. "‘व’ची पोकळी," ते म्हणाले.

सुनेचे हात थांबले.

"‘व’ची पोकळी. बुजली." आणि काठी आपटली, एकदा, दोनदा, तीनदा. कपाळावर घाम होता.

हेच वाक्य मागच्या आठवड्यात आलं होतं, तेव्हा पोट खरंच तटतटलं होतं. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, पोटात दुखलं तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक या. सुनेने शाईचे हात पदरालाच पुसले. "ताई, गाडी काढा. पोट आहे."

तात्या "नाही, नाही" म्हणत होते. पण दवाखान्याला ते नेहमीच नाही म्हणायचे. दोघींनी मिळून त्यांना गाडीत घातलं. सुनेला वाटलं, आता तरी ताईंना पटेल की पाकिटाचा उपयोग आहे. असल्या वेळी माणूस काय काय विचार करतं त्याला धरबंध नसतो.

दवाखान्यात तीन डॉक्टरांनी आलटून पालटून पोट दाबलं. एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, रक्त काढलं. प्रत्येक वेळी तात्या म्हणाले, "नाही." शेवटी त्यांनी पडद्यावरच्या आपल्या पोटाच्या चित्राकडे बोट केलं आणि म्हणाले, "शाई जास्त." तरुण डॉक्टर म्हणाला, "पोट अगदी ठणठणीत आहे. आजोबा रागावलेत मात्र फार."

घरी येऊन सुनेने छापखान्याचं दार ढकललं आणि कपाळाला हात लावला. दोरीवर दोनशे चौदा पोस्टरं वाळत होती आणि शाई वाढवल्यानंतरच्या एकाही पोस्टरवर ‘व’ नव्हता. त्या जागी एक काळा गोळा होता. पोकळीत शाई बसून ती पार बुजली होती, आणि नाटकाचं नाव एका डागाने सुरू होत होतं. तात्या काठी टेकत एकेका पोस्टरपाशी गेले आणि एकेका डागावर काठीचं टोक ठेवत गेले. दोनशे चौदा वेळा नाही, पण निदान वीस वेळा तरी.

"म्हणजे," नणंद म्हणाली, "ते अक्षराबद्दलच बोलत होते."

"हो, ताई."

"बरं. आणि उद्या खरंच पोटात दुखलं आणि तू अक्षर धूत बसलीस, तर?"

सुनेने दोरीवरून एक पोस्टर उतरवलं आणि त्याची घडी घातली.

"रविवारी नेते मी त्यांना," नणंद म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं.

शनिवारी सकाळी वरच्या खोलीत कपाट उघडल्याचे, बॅगेची चेन ओढल्याचे आवाज येत होते. खाली सून दात कोरायच्या हत्याराने ‘व’ची पोकळी साफ करत होती. कालची शाई आत दगडासारखी बसली होती. हत्याराचं बारीक वाकडं टोक कडेकडेने फिरवावं लागे, लाकूड न दुखावता. तिला रडू येत होतं आणि ती कोरत होती. पोस्टर तर द्यायचंच होतं, शब्द दिला होता. साफ झालेला ‘व’ तिने पुन्हा लोखंडी चौकटीत बसवला, आजूबाजूला भर घातली आणि चावी फिरवून चौकट आवळली.

भर म्हणजे लाकडाचे साधे ठोकळे. अक्षरांपेक्षा बुटके, त्यामुळे त्यांना शाई लागत नाही आणि ते कागदावर उमटत नाहीत. दोन शब्दांच्या मधे, ओळींच्या खाली, कडेला, जिथे जिथे पोस्टरवर कोरं दिसतं तिथे तिथे चौकटीत भर असते. पोस्टर बघणाऱ्याला ती असते हे माहीतही नसतं.

तात्या जिना उतरून आले. उतरताना काठी वाजली नाही, इतके हळू. टेबलापाशी उभे राहून त्यांनी चौकट पाहिली आणि मग छताकडे तोंड करून हाक मारली, "मात्रा!"

नणंद घडी केलेला सदरा हातात घेऊनच खाली आली. "मला म्हणताहेत?"

"हो, ताई."

"मात्रा म्हणजे काय? पाकिटावर नव्हतं."

सून म्हणाली, "डोक्यावर असते ती." आणि खाली बघितलं.

तात्यांनी डाव्या हाताने चावी सैल केली. ‘वजनकाटा’च्या शेजारचा, आडवा, टीचभर जाडीचा एक ठोकळा बोटांनी उपसून काढला आणि चावी पुन्हा फिरवली. मग मुलीकडे बघून चौकटीवर हात ठेवला. "उचल."

नणंद दोन पावलं मागे सरली. आठ वर्षांची असताना तिने याच टेबलावरून एक चौकट उचलली होती आणि ती सांडली होती. तात्यांनी मारलं नव्हतं. ते आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. त्यानंतर तिने अक्षरांना हात लावला नाही, पुढे या घरालाही फारसा नाही. आज बावन्न वर्षांची ती बाई सदरा छातीशी धरून म्हणाली, "नको, तात्या. पडेल."

"उचल."

"अहो, पडेल ना!"

"उचल," तात्या तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तो आवाज महिनाभरात घरात ऐकू आला नव्हता.

तिने सदरा खुर्चीवर ठेवला, चौकट दोन्ही हातांनी धरली आणि उचलली. क्षणभर काही झालं नाही. मग ‘ज’ घसरला, त्याच्यामागे ‘न’, आणि मग सगळंच. ‘व’, ‘का’, ‘टा’, वार, वेळ, ठिकाण, पन्नास वर्षं जपलेली अक्षरं धडाधड फरशीवर आली आणि टेबलाखाली, मशीनखाली गडगडत गेली. नणंदेच्या हातात रिकामी चौकट राहिली. तिने डोळे घट्ट मिटले होते.

तात्या रागावले नाहीत. त्यांनी डाव्या हातातला ठोकळा वर धरला, ओबडधोबड, कुठलंच अक्षर नसलेला, शाईचा डागसुद्धा नसलेला. "भर," ते म्हणाले. मग तो ठोकळा सुनेच्या हातात ठेवला आणि तिची बोटं त्याच्यावर मिटवली. "भर," ते पुन्हा म्हणाले. मग मोकळ्या चौकटीकडे बघून, मुलीला: "भर नाही."

सुनेने ठोकळा घट्ट धरला होता. शब्द मिळाल्यावर काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं, म्हणून ती नुसती उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं.

नणंदेने चौकट टेबलावर ठेवली. मग गुडघे टेकून खाली बसली आणि अक्षरं गोळा करायला लागली. मशीनखालून ‘व’ काढला, पदराने पुसला, उलटसुलट करून बघितला. "ही पोकळी?"

"हो, ताई."

"आणि ही उभी रेघ?"

"काना. पाठ."

"आणि ‘म’ कुठे आहे? तो गुडघ्याचा?"

"तुमच्या पायाशी. ठिकाणाच्या ओळीतला."

तिने ‘म’ उचलला आणि गाठीवरून अंगठा फिरवला, मग तसाच दुसऱ्यांदा फिरवला. तात्या खुर्चीत टेकले होते. एवढं बोलून आणि चावी फिरवून त्यांचा जीव थकला होता. ओठ चाटून ते म्हणाले, "मात्रा. शाई वाळली."

सून सवयीने निघालीच होती. नणंदेने हात वर करून तिला थांबवलं. फरशीवर बसल्या बसल्या, मांडीत अक्षरं घेऊन, तिने वडिलांकडे बघितलं आणि विचारलं, "तुमची, की मशीनची?"

तात्यांनी विचार केला. आधी मशीनच्या रोलरकडे पाहिलं, मग मुलीकडे. आणि डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

नणंद पाणी आणायला उठली आणि सून रोलरकडे गेली.